शब्दशः अहवाल

"रुग्णाचं कोण वाचणार?" अमोलिक सरांनी विचारलं.

प्रश्न विचारायचा म्हणून विचारलेला होता. टेबलाभोवती आम्ही पाच विद्यार्थी, त्यात प्रमिला देठे ही एकच बाई. रुग्ण बाई असली की तिचं बोलणं प्रमिलाबाईंनी वाचायचं हे केव्हाच ठरून गेलं होतं. त्यांनी हात पुढे केला. मी माझ्या अहवालाची एक प्रत त्यांच्याकडे सरकवली.

"चार पानं," शेजारून घाटविसावे म्हणाले. "वैरागरांचा अहवाल म्हणजे जबानीच. खाली अंगठा तेवढा राहिलाय."

घाटविसावे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर दिवसभर माईकवर बोलून त्यांचा आवाज बसलेला असे, तरी ते बोलायचे थांबत नसत. प्रमिलाबाई हिवरी गावात प्राथमिक शिक्षिका होत्या. एक जण कंपाउंडर, एक शेतकी शाळेत कारकून. मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक. साक्षीदार बोलेल ते उतरवून घ्यायचं, हे काम मी तेव्हा सतरा वर्षं करत होतो.

ही १९९८ सालच्या सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारची गोष्ट. आमचं चर्च पूर्वी इंग्लंडच्या चर्चचं. सत्तर साली इतर मंडळ्यांबरोबर ते एक झालं, पण रीतिभाती बऱ्याचशा जुन्याच राहिल्या. त्यातली एक अशी, की भाकर आणि द्राक्षारस आशीर्वादित करून प्रभुभोजन द्यायचं ते दीक्षा झालेल्या पाळकानेच. पाळक थोडे, गावं फार. म्हणून नोकरी सांभाळून पाळक होता येईल असा तीन वर्षांचा अभ्यासक्रम बिशपसाहेबांनी सुरू केला होता. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी नगरला त्यांच्या बंगल्यामागच्या खोलीत वर्ग भरे. आमचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. महिनाअखेर अमोलिक सर शिफारशींची यादी बिशपसाहेबांकडे पाठवणार होते.

यादीत नाव यायला दोन शब्दशः अहवाल लागत. दवाखान्यात जाऊन एखाद्या आजारी माणसाला भेटायचं, तिथे काही लिहायचं नाही. घरी येऊन जे बोलणं झालं ते आठवेल तसं, शब्दाला शब्द, कागदावर उतरवायचं. नाव घालायचं नाही, नुसतं 'रुग्ण' म्हणायचं. मग वर्गात लिहिणाऱ्याने आपलं बोलणं वाचायचं आणि दुसऱ्या कुणीतरी रुग्णाचं. आपण आजाऱ्याशी कसं बोलतो ते आपल्याच कानांनी ऐकावं, हा हेतू. वर्गात वाचलेलं वर्गाबाहेर न्यायचं नाही, नेलं तर अभ्यासक्रम सोडायचा, अशा कागदावर पहिल्याच वर्षी आमच्या सह्या घेतल्या होत्या.

इतरांचे अहवाल पाऊण पानाचे असत. त्यात 'मग त्यांनी आपल्या अडचणी सांगितल्या' अशी वाक्यं असत. माझ्यात तसलं काही नसे.

आम्ही वाचायला लागलो. पहिली दोन पानं जेवण, झोप, इंजेक्शन यांतच गेली. तिसऱ्या पानावर प्रमिलाबाईंनी वाचलं, "मी बावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होते. एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही."

"सांगा ना," मी वाचलं.

"कोठीतले डबे गेले होते. स्वयंपाकिणीने नेले असं मी मिशनच्या मिससाहेबांना सांगितलं. तिने नेले नव्हते."

"हे कोणत्या साली?"

"बहात्तर. दुष्काळात."

"डबे कशाचे होते?"

"दुधाच्या भुकटीचे. मदतीचे आलेले."

"किती?"

"अकरा," प्रमिलाबाईंनी वाचलं. इथे त्या थांबल्या. पान उलटत असतील असं मला वाटलं, पण पान संपायला अजून सहा ओळी होत्या. मग त्यांनी त्याच आवाजात पुढे वाचलं, "मी ते माझ्या भावाच्या घरी पोचवले होते. त्याची लेकरं लहान होती."

"मग त्या स्वयंपाकिणीचं काय झालं?"

"चर्चमध्ये पुढे उभं राहून पाळकसाहेबांनी तिचं नाव वाचलं. वर्षभर तिचं प्रभुभोजन बंद केलं. मी दुसऱ्या बाकावर बसले होते."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"नाही."

चौथ्या पानावर प्रार्थना होती, आणि शेवटी दोन ओळी.

"हे तुमच्यापाशीच राहू द्या," प्रमिलाबाईंनी वाचलं.

"बरं," मी वाचलं.

अमोलिक सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते साठीचे, बारीक अंगाचे. रागावले की त्यांचा आवाज खाली जाई.

"वैरागर, ती बाई पाप सांगत होती. तुम्ही साल विचारलंत."

मी म्हटलं, तपशील नीट कळावा म्हणून विचारलं.

"कुणाला कळावा?"

मी हातातली प्रत मिटली.

"आणि शेवटच्या दोन ओळी टाइप करताना तुम्हांला काही वाटलं नाही?"

"त्या बोलल्या तसंच लिहिलं, सर. नाव कुठेच नाही. गावाचं नावही गाळलंय."

"नाव गाळा असं म्हणाल्या होत्या त्या?"

त्यांनी प्रती गोळा केल्या. प्रमिलाबाईंची प्रत सर्वांत शेवटी आली. तिचे कोपरे जुळवून त्यांनी ती सरांच्या हातात दिली. हा अहवाल धरला जाणार नाही, असं सरांनी सांगितलं. चौथ्या शनिवारपर्यंत दुसरा आणला तर यादीचं बघू.

वर्ग सुटल्यावर व्हरांड्यात मी चपला घालत होतो. प्रमिलाबाई खांबापाशी उभ्या होत्या. त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण वर्गात सगळे त्यांना जरा टरकून असत, कारण त्यांना कुणाचाही ढिसाळपणा खपत नसे.

"मेट्रनबाई कुठल्या वॉर्डात आहेत हे मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचा पाय कापला हे हिवरीत सगळ्यांना माहीत आहे."

मी चपलेचा पट्टा तसाच सोडला.

"ती स्वयंपाकीण माझी आई, वैरागरभाऊ."

मग त्यांनी जे सांगितलं ते, त्यांची परवानगी घेऊन, इथे लिहितो आहे. त्या वेळी त्या अकरा वर्षांच्या होत्या. नाव वाचलं तेव्हा वसतिगृहाच्या मुलींबरोबर तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. आईचं काम गेलं. ती लोकांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली, पुढे मास्तरांना भाकऱ्या करून देऊ लागली. वर्ष झाल्यावर चर्चचे पंच घरी आले. म्हणाले, राहेलबाई, बंदी उठवली, मंडळीने तुम्हांला क्षमा केली. आईने विचारलं, कशाची? क्षमा करायची तर मी केलेलं असायला पाहिजे. मी केलेलं नाही. तुमच्या क्षमेवर मी भाकर घ्यायला वेदीपुढच्या त्या कठड्यापाशी येणार नाही.

तेव्हापासून राहेलबाई दर रविवारी चर्चला येत, शेवटच्या बाकावर बसत. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर मोडायची वेळ झाली की उठून बाहेर जात आणि उपासना संपेपर्यंत चिंचेखाली उभ्या राहत. याला पंचवीस वर्षं झाली होती.

"आता मला ठाऊक झालंय आणि मला सांगता येत नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तिला सांगितलं, तर माझ्या कानावर पडलेलं पहिलं गुपित मीच बाहेर नेलं असं होईल. मग मला कोण काय सांगेल? आणि नाही सांगितलं, तर रात्री तिच्यासमोर बसून जेवायचं आणि गप्प राहायचं. तुम्ही मला बांधून टाकलंत."

मी म्हटलं, मी मेट्रनबाईंशी बोलतो. त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी कुणाकडे काही मागू नका."

फाटकातून घाटविसाव्यांची हाक आली. "देठेबाई, हिवरीची गाडी पाच चाळीसला. वैरागरांची उलटतपासणी झाली असली तर चला."

त्या गेल्या. मी पुन्हा आत गेलो. अमोलिक सर बागेच्या बाजूच्या खिडकीपाशी माझ्या अहवालाच्या प्रती फाडत होते. प्रमिलाबाईंनी सांगितलेलं त्यांना सांगावं असं ओठावर आलं होतं. मग लक्षात आलं की तेही मला कुणी विश्वासाने सांगितलेलंच आहे. मी एवढंच विचारलं, आता मी काय करू?

"ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडे जा," ते म्हणाले. "तुम्ही काय केलंत ते सांगा. काही मागू नका."

बुधवारी कोर्ट सुटल्यावर मी मिशन दवाखान्यात गेलो. लीलाबाई रणपिसे शहात्तर वर्षांच्या होत्या. साखरेने पाय सडला होता, तो गुडघ्याखाली कापला होता. तरी वॉर्डावर हुकूम त्यांचाच चाले, कारण तिथल्या निम्म्या नर्सेस त्यांच्या वसतिगृहात वाढलेल्या होत्या. मी गेलो तेव्हा कुंदा सिस्टर, स्वतः पन्नाशीला आलेल्या, त्यांच्या चादरीचा कोपरा तिसऱ्यांदा दुमडत होत्या. मेट्रनबाईंना तो अजून पसंत नव्हता.

सिस्टर गेल्यावर मी बसलो आणि सांगितलं. मागच्या बुधवारी तुम्ही बोललात ते मी घरी जाऊन लिहून काढलं. वर्गात ते मोठ्याने वाचलं गेलं.

त्यांनी हाताने चादर सारखी केली.

"किती जणांपुढे?"

"अमोलिक सर धरून पाच."

"नाव?"

"नव्हतं."

"गाव?"

"गाळलं होतं."

"आणि बाकी सगळं ठेवलंत."

"हो."

"मी तुम्हांला काय म्हटलं होतं शेवटी?"

मी ते वाक्य उच्चारलं. तेही अहवालात होतं, हेही सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता जा म्हणतील. दोन खाटांपलीकडे कुणाच्या तरी नातेवाइकांनी डबा उघडला, त्याच्या झाकणाचा आवाज झाला.

"राहेलची पोर तुमच्यातच शिकते ना?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं. "होती ती?"

"कोण होतं ते मला सांगता येणार नाही, बाई."

त्या हसल्या. आवाज आला नाही, नुसते खांदे हलले. "आत्ता आठवलं तुम्हांला."

मी गप्प बसलो. साक्षीदार उत्तर देत नाही तेव्हा कोर्टात तशी नोंद करतात. माझी नोंद त्यांनी डोळे उघडून केली.

मग त्या म्हणाल्या, राहेलला इथे घेऊन या. मी माझ्या तोंडाने तिला सांगते. पोरीला काही बोलू नका, अमोलिकला विचारू नका. मेट्रनने बोलावलंय एवढंच म्हणा.

त्यानंतर त्या सुमारे अर्धा तास बोलल्या. मी एकही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी हिवरीला गेलो. शाळेमागच्या आळीत पत्र्याचं घर होतं. दार प्रमिलाबाईंनी उघडलं. मला पाहून त्यांचा चेहरा क्षणभर दगडासारखा झाला. मग त्या बाजूला झाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. पाच दिवस त्या या दोन खोल्यांत आईबरोबर होत्या आणि आईला काही माहीत नव्हतं, हे राहेलबाईंच्या पहिल्याच प्रश्नावरून कळलं. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, परमिलाचं काही चुकलं का वर्गात?

नाही म्हटलं. मी लांबून सुरुवात केली नाही.

"मेट्रनबाईंनी तुम्हांला दवाखान्यात बोलावलंय."

त्यांचे हात थांबले. "कशाला?"

"ते त्या सांगतील."

"तुम्हाला ठावं हाय?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. आत स्टोव्ह चालू होता आणि दुसरा कसलाच आवाज नव्हता. राहेलबाई हुशार होत्या. काहीतरी आहे आणि ते या दोघांना ठाऊक आहे, एवढं त्यांना त्या शांततेवरूनच समजलं असावं. पण त्यांनी मुलीला हाक मारली नाही.

"बोलावणं धाडायची खोड काय गेली न्हाई त्यांची," त्या म्हणाल्या. "पाय गेला तरी." मेथीची एक काडी मोडून त्यांनी टाकली. "त्यांना म्हनावं, मी आता तुमच्या हाताखाली न्हाई. मी कुठं बसते ते साऱ्या मंडळीला ठावं हाय. शेवटच्या बाकावर. काय बोलायचं आसंल तर तितं या."

चहा आला. तो तिघांनी प्यायला. बोलणं झालं ते शाळेच्या पटसंख्येविषयी.

शुक्रवारी मी निरोप पोचवला. मेट्रनबाईंनी विचारलं, असंच म्हणाली? शब्दन् शब्द? मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं. पायाविषयीचं मी गाळलं होतं. अहवालातली नावं सोडली, तर सतरा वर्षांत कुणाच्या बोलण्यातलं काही गाळल्याचं मला आठवत नाही.

"या रविवारी प्रभुभोजन आहे ना तिथे?"

होतं. हिवरीला स्वतःचा पाळक नव्हता. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी अमोलिक सर नगरहून जात.

"मग गाडी बघा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. जखम ओली आहे, तीस किलोमीटर खड्ड्यांतून जायचं, काही झालं तर जबाबदार कोण? मेट्रनबाईंनी त्यांचं ऐकून घेतलं आणि ते वॉर्डातून गेल्यावर कुंदा सिस्टरना सांगितलं की रविवारी सकाळी सात वाजता धुतलेलं पांढरं लुगडं लागेल. सिस्टरनी सुट्टी घेतली, दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर गाठला आणि स्वतः बरोबर आल्या. वाटेत मेट्रनबाई दोनदाच बोलल्या. एकदा ड्रायव्हरला हळू म्हणाल्या, एकदा सिस्टरना पदर सारखा करायला सांगितला.

आम्ही पोचलो तेव्हा शुभवर्तमानाचं वाचन चालू होतं. आत सत्तर-पंचाहत्तर माणसं असतील. मी चाकाची खुर्ची ढकलत आत आणली तशा माना वळल्या, आणि वाचन मध्येच अडखळलं. हिवरीच्या त्या पिढीतली प्रत्येक बाई मेट्रनबाईंच्या हाताखालून गेलेली होती. शेवटच्या बाकाच्या कडेला राहेलबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी खुर्ची लावून मी ब्रेक लावला. दोघींमध्ये हातभर अंतर होतं. राहेलबाईंनी समोरची नजर हलवली नाही. प्रमिलाबाई पुढे, दुसऱ्या बाकावर होत्या. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

उपदेश झाला. प्रभुभोजनाआधी आमच्यात शांतीचा नमस्कार असतो. सगळ्यांनी आपापल्या शेजाऱ्याकडे वळायचं आणि 'शांती असो' म्हणायचं. एरवी हे दोन मिनिटांत उरकतं. त्या दिवशी चर्चभर कुजबुजल्यासारखा नमस्कार झाला, कारण सगळ्यांचं लक्ष मागे होतं.

मेट्रनबाईंनी हात जोडले नाहीत. "राहेल," त्या म्हणाल्या. "ते डबे मी नेले होते. मी खोटं सांगितलं."

राहेलबाईंनी आता त्यांच्याकडे पाहिलं. मी तिथेच उभा होतो. काय होईल याचा मला अंदाज नव्हता. रडतील, उठून जातील, काहीतरी लागेल असं बोलतील, असं मनात येऊन गेलं.

"हितं नगं," राहेलबाई म्हणाल्या. "पुढं जाऊन सांगा. माझं नाव पुढून वाचलं व्हतं."

मी ब्रेक काढला. बाकांमधली वाट अरुंद आहे, खुर्ची जेमतेम जाते. मला ती वाट फार लांब वाटली. वेदीपुढे अमोलिक सर उभे होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोन पावलं बाजूला सरकले. मी खुर्ची मंडळीकडे तोंड करून वळवली.

मेट्रनबाईंना आवाज चढवायची गरज पडत नसे. दोनशे मुलींच्या जेवणघरात तो शेवटच्या पंगतीपर्यंत पोचायचा. त्या म्हणाल्या, "बहात्तर साली डिसेंबरात या जागेवरून राहेल देठेचं नाव चोर म्हणून वाचलं गेलं. डबे तिने नेले नव्हते. मी नेले होते. तिचं नाव मी दिलं. वाचणारे पाळकसाहेब गेले, मिससाहेब गेल्या. मी उरलेय."

एवढंच. क्षमा करा असं त्या म्हणाल्या नाहीत.

आमच्या प्रार्थनापुस्तकात प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली आहे. याला जागा नव्हती. पंचांपैकी एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले, काहीतरी म्हणावं अशा बेताने, आणि तसेच खाली बसले. अमोलिक सर वेदीकडे वळले आणि पुढची प्रार्थना म्हणायला लागले. भाकर मोडायची वेळ आली. मी मागे पाहिलं. राहेलबाई उठल्या नव्हत्या.

माणसं बाकाबाकाने कठड्यापाशी येऊन गुडघे टेकू लागली. मेट्रनबाईंना सरांनी खुर्चीपाशी येऊन भाकर आणि प्याला दिला. प्रमिलाबाई घेऊन जागेवर परतल्या आणि मान खाली घालून बसल्या. शेवटच्या बाकावरचे दोघे येऊन गेले. राहेलबाई बसून होत्या. बाहेर गेल्या नाहीत, पुढेही आल्या नाहीत.

आशीर्वादित केलेली भाकर उरवायची नसते. सगळ्यांचं झालं की पाळक उरलेली स्वतः खातो, प्याला धुतो, वेदी झाकतो. सरांनी तसं केलं नाही. ताट हातात धरून ते कठड्याशी उभे राहिले. पेटीवाल्याने गीत संपवलं, बघितलं, आणि तेच गीत पुन्हा पहिल्यापासून धरलं. मंडळी दुसऱ्या कडव्यापर्यंत आली तेव्हा मागे बाक वाजला.

त्या हळू आल्या. गुडघे दुखत असावेत. कुणी वळून पाहिलं नाही, पण गाणं बारीक होत गेलं. पुढे आल्यावर त्या थांबल्या. मेट्रनबाईंची खुर्ची मी वाटेतच उभी ठेवली होती, बाकीचे तिला वळसा घालून गेले होते.

"भाऊ, ही गाडी वाईच बाजूला घ्या," त्या मला म्हणाल्या. "वाट आडलीया."

मी खुर्ची भिंतीकडे ओढली. त्या पुढे झाल्या, कठड्याला हात लावून खाली बसल्या आणि ओंजळ पुढे केली.

उपासनेनंतर दोघी एकमेकींशी बोलल्या का, मला माहीत नाही. मी पाहिलं नाही. परतताना मेट्रनबाई जीपमध्ये झोपल्या होत्या. नोव्हेंबरात त्या वारल्या.

चौथ्या शनिवारी वर्गानंतर अमोलिक सरांनी मला थांबवून घेतलं. शिफारशींचे छापील अर्ज टेबलावर होते. प्रमिलाबाईंच्या अर्जावर सही झालेली मला उलट्या बाजूने दिसली. घाटविसाव्यांच्याही. सरांनी विचारलं, दुसरा अहवाल आणलात?

मी एक कागद पुढे ठेवला. वर तारीख, वार, वॉर्ड, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. खाली दोन वाक्यं. रुग्ण बोलल्या. मी ऐकलं.

त्यांनी तो वाचला. वाचायला वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी वेळ घेतला.

"बुधवारी तुम्ही अर्धा तास आणखी बसला होतात, असं कुंदा सिस्टर म्हणाल्या. काय बोलल्या त्या?"

"ते मला सांगता येणार नाही, सर."

त्यांनी मान हलवली. पेन उचललं, माझा अर्ज समोर ओढला, आणि पेनाचं टोपण परत लावलं.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "पण ते देताना तुम्हांला बरं वाटलं."

मी अर्जाकडे पाहिलं.

"मला दिसलं ते. कुणाचं तरी आपल्यापाशी आहे, याचं बरं वाटतंय तुम्हांला अजून. ते वाटायचं थांबू द्या. एक वर्ष धरू."

पुढे ते वर्ष दीड वर्षाचं झालं. त्या शनिवारी मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर आलो. व्हरांड्यात घाटविसावे पायरीवर बसून माझ्यासाठी थांबले होते. त्यांनी विचारलं, झाली का सही? मी म्हटलं, नाही, एक वर्ष आणखी.

"एक वर्ष? तुम्हांला?" त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "का म्हणून? त्या दिवशीच्या अहवालामुळे? का हिवरीचं काही आहे? मला सांगा, मी सरांशी बोलतो."

तीन वर्षं आम्ही शेजारी बसलो होतो. यादीत माझं नाव असावं अशी त्यांची मनापासून इच्छा होती. मी त्यांना कारण सांगितलं नाही. या वेळी मला बरं वाटलं नाही.